संतोषच्या सहीनं पाहिलेलं पुणे

पुण्यात काय काय पाहिलंत, असं पारनेरात मला कोणी विचारत नाही. विचारतात ते दुसरंच, आणि तेही माझ्या पाठीमागे. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. जे गेले नाहीत त्यांना पुणं कळेल, आणि जे आले होते त्यांना कळेल की मी काय केलं ते मला चांगलं ठाऊक आहे.

पारनेर, निघण्याआधी

आमच्या गावात ज्येष्ठांचा कट्टा आहे. रोज संध्याकाळी पाचला जमतो. शेळके भाऊसाहेब त्याचे सर्वेसर्वा. ते निवृत्त तलाठी, त्यामुळे कागदाशिवाय त्यांना घास गिळवत नाही. या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की दोन दिवसांची पुण्याची सहल काढायची, फक्त साठीच्या पुढच्यांसाठी. मेट्रो, बाग, होडी आणि नाटक. देवदर्शन एकही नाही. त्यावर थोडी कुरकुर झाली, देव नाही तर जायचं कशाला म्हणून, पण नावं मात्र भराभर पडली.

"अट एकच," भाऊसाहेब म्हणाले. "मुलाचं नाहीतर मुलीचं संमतीपत्र. सहीसकट, मोबाईल नंबरासकट."

माझं डोकंच सणकलं. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. शाळेच्या सहलीची संमतीपत्रं मी स्वतः लिहून काढायचे. 'माझ्या पाल्यास सहलीस पाठविण्यास माझी हरकत नाही.' आता एकाहत्तराव्या वर्षी मीच पाल्य झाले!

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "मतदानाला जाताना मला मुलाची चिठ्ठी लागत नाही."

"बाई, उद्या कुणाला काही झालं तर पोरं माझी कॉलर धरत्यात. तुमची न्हाई."

माणूस चिकट आहे, पण खोटं बोलत नव्हता.

माझा मुलगा हैदराबादला असतो. त्याला मोबाईलवर कागदाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत सही करून परत आला, खाली एक अंगठ्याचं चित्र. कुठं चाललीस, कोणाबरोबर, किती दिवस, काही नाही. बँकेच्या कागदावर करावी तशी सही. मी तो अंगठा बराच वेळ बघत बसले आणि मग उगाच स्वयंपाकघरातले डबे पुसायला काढले.

आता कौसल्याबाईंचं सांगते. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर. वय अडुसष्ट. मुलाचं, संतोषचं, सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, आणि तो माझा विद्यार्थी. बारा वर्षं झाली, आम्ही दोघी रोज संध्याकाळी बरोबर फिरतो. बाई फार बोलणाऱ्या नाहीत. पण सहलीचं ऐकल्यापासून त्यांना वेगळंच भरतं आलं होतं.

"पुनं मी पाच येळा पाह्यलंय, बाई," त्या म्हणाल्या. "पाची येळा दवाखान्यातनं. सासऱ्यांचं एकदा, मालकांचं चारदा. खिडकीतनं नुसत्या गाड्या लावल्याल्या दिसायच्या. एकदा कुनीबी आजारी नसताना पुनं बघायचंय मला. आन् नाटक. पडदा वर जातो म्हनं."

कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी त्या कोरं संमतीपत्र घेऊन माझ्याकडे आल्या.

"संतोष व्हय म्हनला, पर गडबडीत सही ऱ्हायली. मालाला नगरला गेलाय, रातीच्याला येईन. तुमीच करा की, बाई. तुमाला त्याचं अक्षर ठावं हाय."

हे बोलताना त्या माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. चौतीस वर्षं मुलांसमोर उभी राहिलेली बाई मी. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणारं पोर कुठं बघतं ते मला सांगायला नको.

तरीही मी पेन उघडलं. शाळेत असताना ही माझी नेहमीची पद्धत होती. कुणाचा बाप ऊसतोडीला गेलेला, कुणाचा पिऊन पडलेला. सहलीच्या आदल्या दिवशी मी त्या पोरांच्या कागदांवर स्वतःच सह्या ठोकायचे आणि त्यांना गाडीत बसवायचे. परत आल्यावर आया हात जोडायच्या. एकाही माणसानं कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे अशी सही म्हणजे पुण्याचं काम, हे माझ्या हातात बसलेलं होतं. संतोषचं अक्षर तर मीच गिरवून घेतलेलं. त्याच्या 'स'चं पोट मोठं असतं. तसंच काढलं.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की मला एकटीला जायचं नव्हतं. गाडीत दोघींचं बाकडं, खोलीत दोघींच्या खाटा. कौसल्याबाई नसत्या तर माझ्या वाट्याला भाऊसाहेबांच्या मंडळी, शेळकेवहिनी आल्या असत्या, आणि त्या पहाटे चारला उठून मोठ्यानं स्तोत्र म्हणतात. 'संतोष खरंच हो म्हणाला का?' एवढं एक वाक्य मी विचारू शकले असते. विचारलं नाही.

पहिला दिवस

सतरा म्हातारी माणसं आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. सुपं गाव मागे पडेस्तोवर कोणी बोललं नाही, आणि सुपं गेल्यावर सगळ्यांनी डबे काढले. कौसल्याबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. पंधरा जणांना पुरतील एवढे. "कधी केलेत?" मी विचारलं. "पहाटं, आवाज न करता," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला तेव्हाच घास अडकायला हवा होता. छे! मी दुसरा धपाटा घेतला.

पुण्यात शिरलो आणि भाऊसाहेबांनी शिट्टी काढली. खरोखरची, पोलिसाची असते तशी. उतरताना शिट्टी, चढताना शिट्टी. पुण्याचे लोक वळून वळून बघत होते. मिसळ खाल्ली, तिच्यात साखर. आमटी तर इतकी गोड की आमच्यातल्या बबनरावांनी वाढणाऱ्याला विचारलं, "हे आमटी म्हनून हाय का सुरुवातीचं गोड म्हनून?" वाढपी हसला नाही. पुण्यात बरेचसे लोक हसत नाहीत, ते त्यांनी सकाळच्या बागेसाठी राखून ठेवलेलं असतं, पण ते पुढं येईल.

मग मेट्रो. ती मला मनापासून आवडली, हे सांगायला हवं. गारगार डबा, घामाचा वास नाही, आणि ज्येष्ठांसाठी वेगळ्या जागा. कॉलेजची एक मुलगी कानातले इअरफोन न काढता उठली आणि कौसल्याबाईंना जागा दिली. कौसल्याबाई तिला म्हणाल्या, "बस गं बाळा, मी काय आजारी न्हाई," आणि काचेला नाक लावून उभ्याच राहिल्या. गाडी नदीवरून गेली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, हे सगळं हितंच हुतं?"

"इथंच होतं."

"मंग आमाला दिसलं कसं न्हाई?"

नदी तशी काळी होती आणि वासही येत असणार, पण काच बंद होती. त्या बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. त्या घडीला मला वाटलं, सही केली ते झकास केलं.

उतरल्यावर सरकता जिना आला. भाऊसाहेबांनी सांगितलं होतं की ज्याला भीती वाटेल त्यानं लिफ्टनं यावं. कौसल्याबाई म्हणाल्या, "लिफ्ट दवाखान्यात बी असती. मी ह्याच्यावरनंच येनार." पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसऱ्या पायाची चप्पल मागे राहिली, त्या ती घ्यायला वाकल्या आणि चक्क पायरीवर बसल्या. कुणीतरी ओरडलं. खाकी कपड्यातल्या रखवालदारानं पळत येऊन लाल बटण दाबलं आणि सगळा जिना थांबला. वरचे खालचे पन्नास-साठ लोक जिथल्या तिथं उभे.

गुडघा खरचटला होता. रुपयाएवढं कातडं गेलेलं, एक टिपूस रक्त. बाकी काही नाही. त्या रडतील म्हणून मी धावत गेले तर बाई तोंडाला पदर लावून हसताहेत!

"माझ्यापायी सगळं पुनं थांबलं की, बाई!"

आम्ही सगळेच हसलो. रखवालदारानं पट्टी आणून दिली. तेवढ्यात भाऊसाहेबांनी फाईल उघडली. इजा झाल्यास घरी कळवायचं, असं त्यांच्या कागदात कलम होतं.

"नका करू फोन," कौसल्याबाई म्हणाल्या. हसू एकदम गेलं होतं. "भाऊसाहेब, पाया पडते. काय बी झालं न्हाई मला."

"नियम तो नियम," म्हणून त्यांनी नंबर लावला.

फोनवर काय झालं ते आम्हाला एकाच बाजूनं ऐकू आलं. "संतोषराव, काळजीचं काय न्हाई... कुठली म्हंजे? पुण्याची सहल... अहो, तुमची सही हाय ना माझ्याकडं..." मग भाऊसाहेबांनी फोन खाली घेतला. फाईलीतल्या त्या सहीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. कागद माझ्या हातून आला होता.

संतोषला आई नेवाशाला भाचीकडे गेलीय एवढंच माहीत होतं. सहलीला त्यानं साफ नाही म्हटलं होतं. दिवाळीनंतर त्यांना दोनदा चक्कर आली होती, शुगर खालीवर होत होती. यातलं काहीच कौसल्याबाई मला बोलल्या नव्हत्या. रोज माझ्याबरोबर चालत होत्या, दोन चकरा आणि चार गोष्टी, आणि चक्करचं अवाक्षर नाही.

पहिला दिवस, उतरत्या उन्हात

आमचा मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. संतोष साडेपाचला पोचला. दुकान तसंच टाकून, सिमेंटच्या हातानं गाडी चालवत आला होता. शर्टावरसुद्धा राखाडी डाग. आल्या आल्या आईपाशी खाली बसला, साडी वर करून गुडघा पाहिला, हात फिरवला. "शुगर बघितली का? गोळी घेतली का?" मग उठून माझ्यासमोर आला. हात जोडून. पोरगं तेवढं वळणाचं आहे, मीच लावलेलं वळण.

"बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. आपल्या कानावर आल्यावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"काही झालं असतं तर? लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं. मी सहीच केली न्हाई म्हणून कुणी मानलं असतं का?"

मी कौसल्याबाईंकडे बघितलं. मला काही फार नको होतं. 'मीच म्हनले बाईंना, माझी चूक हाय,' इतकंच. सगळी मंडळी खुर्च्या ओढून बसली होती, चहाचे कप हातात.

कौसल्याबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मला काय ठावं? सही बाईंनी केली. बाईच म्हनल्या, चला म्हनून."

कप्पाळ माझं! खोटं आहे म्हणून ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? सही माझीच होती. आणि त्यांना त्याच पोराच्या घरात परत जायचं होतं, त्याच्याच हातची गोळी घ्यायची होती. मला कुठं जायचं होतं? माझ्यावर पडेल ते मी सोसून घेईन, हे त्यांनी ओळखलं. राग मला त्या खोट्याचा आला नाही इतका या ओळखण्याचा आला.

संतोषनं त्यांची पिशवी उचलली, दुसऱ्या हातानं आईचा दंड धरला. त्या गाडीत बसल्या. वळून बघितलं नाही. पिशवीत उरलेले धपाटे होते.

"बाई, तुमी शिक्षिका असून..." भाऊसाहेब म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. बाकीच्यांनी ते माझ्यादेखत नाही, पण खोलीखोलीत पूर्ण केलं असणार. शेळकेवहिनी माझ्या खोलीत झोपायला आल्या.

दुसरा दिवस

सकाळी आम्हाला एका मोठ्या बागेत नेलं. पुण्याची म्हातारी माणसं बूट घालून ताडताड चालत होती, एकमेकांकडे न बघता. पारनेरात फिरणं म्हणजे थांबणं, चार जणांना कसं काय विचारणं. इथं थांबलं की मागचा येऊन धडकतो. बागेत बाकडी भरपूर, आणि प्रत्येकावर कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव. मेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावावर जिवंत म्हातारे बसलेले. मी एक बिननावाचं शोधत होते, मिळालं नाही.

मग हास्यमंडळ. एक काकू टाळी वाजवायच्या आणि चाळीस जण हा-हा-हा करून हसायचे, पुन्हा टाळी, हसणं बंद. आमच्याकडे हसायला काहीतरी कारण लागतं, म्हणून आमची मंडळी आधी लाजली. नंतर बबनराव असे सुटले की त्या काकूंची टाळी त्यांना ऐकू येईना. त्यांना बघून मलाही हसू आलं. खरं, पोट धरून. शेजारी एक पुणेकर आजोबा होते, ते म्हणाले, "पहिल्यांदाच आलात वाटतं? इतकं खरं हसायचं नसतं, दमायला होतं."

तळ्यात पायडलची होडी होती. मी आणि शेळकेवहिनी. त्यांना पायडल मारता येईना, आम्ही गोल गोल फिरत राहिलो आणि एका बदकानं आम्हाला मागे टाकलं. वहिनी चांगल्या निघाल्या. कालचं एका शब्दानंही काढलं नाही.

दुपारी नाटक. थिएटरात पाय ठेवला की एक गार, जुन्या कापडाचा वास येतो. तिसरी घंटा झाली, दिवे हळूहळू मालवले, आणि तो जड, तांबडा पडदा कुणी हात न लावता वर गेला. मागे अख्खं घर! खिडकी, सोफा, चहाची किटली, किटलीतून वाफसुद्धा. माझ्या अंगावर काटा आला. शेजारची खुर्ची कौसल्याबाईंची होती, तिच्यावर वहिनींनी स्वेटर ठेवला होता. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, गरम आणि बिनसाखरेचा.

मला मजा आली. हे लिहायला जड जातंय, पण आली. मनात खरं तर दुसरंच घोळत होतं. त्या बाईला मी सहल दिली आणि तिनं मला विकलं, हे तर होतंच. पण त्याच्या तळाशी आणखी एक होतं, आणि ते मला नाटकाच्या अंधारात स्पष्ट दिसलं. माझ्या गुडघ्याला रुपयाएवढं खरचटलं असतं तर हैदराबादहून कोण आलं असतं? भाऊसाहेबांनी फोन केला असता आणि उत्तरादाखल एक अंगठा आला असता. तिच्यासाठी एक माणूस भरलं दुकान टाकून दोन-अडीच तास गाडी मारत आला, खाली बसला, गुडघ्यावर हात फिरवला. तिला ते जाचक वाटतं. मी त्या हातासाठी काय दिलं असतं! मला हेवा वाटला, सरळ शब्दांत. सगळं थिएटर हसत होतं, मीही हसत होते.

पारनेर, परतल्यावर

कट्ट्यावर आता नवा नियम झाला. संमतीपत्रावर मुलानं भाऊसाहेबांसमोर येऊन सही करायची. माझं नाव कोणी घेतलं नाही, सगळे माझ्या चपलांकडे बघत होते. कौसल्याबाई कट्ट्यावर येत नाहीत. एकदा मी त्यांच्या घरी गेले, तर सून दारात म्हणाली, "झोपल्यात, बाई." आत मिक्सर चालू होता. मिक्सर लावून कोण झोपतं?

पंधरा दिवसांनी आठवडे बाजारात गाठ पडली. मेथीवालीपाशी. सून पुढं बटाटे बघत होती. माझ्या मनात बोलायचं सगळं तयार होतं, रात्री घोकून ठेवलेलं. त्या जवळ आल्या. माझ्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघतात तसं नाही, सरळ.

"बाई," हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातनं लई वंगाळ झालं. मला पोराचं भ्या वाटलं."

सुनेकडे एकदा बघून त्या आणखी जवळ आल्या.

"दुसऱ्या दिशी काय काय दावलं? नाटक झालं का? पडदा... कसा हुता?"

डोळे तेच, मेट्रोच्या काचेला नाक लावतानाचे. पडदा तांबडा होता, आपोआप वर गेला, मागे किटलीतून वाफ येत होती. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पाच मिनिटं लागली असती. तिला तेवढंच पुरलं असतं, मला माहीत आहे, वर्षभर पुरवून पुरवून वापरलं असतं तिनं.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "नाटक रद्द झालं. दिवसभर गाडीतच बसून होतो."

त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं मंग," आणि सुनेच्या हातातली बटाट्याची पिशवी घेतली.

तिला चुटपुट लागू नये म्हणून मी तसं बोलले, असं कुणाला वाटेल. वाटू दे. मी तिच्यासाठी बोलले नाही. तिला घरी नेणारा होता, त्यावर नाटकही मिळू नये, म्हणून बोलले.